शक्तिमानले काहून लागत नाही?



मुलांना सुट्ट्या लागल्या की गावोगाव एकच तक्रार कानावर येते. "साहेब, पोरगं दिवसभर मोबाईलवर त्या उडणाऱ्या माणसांचेच सिनेमे पाहते. काय करावं?" बोंडअळीवर औषध विचारावे तसे लोक मला यावरही औषध विचारतात. म्हणून आज पिकाची गोष्ट थोडी बाजूला ठेवून या महाबली वीरांबद्दल लिहितो.

हा नाद आजच्या मुलांनाच लागला आहे असे नाही. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली, ती मराठीतही निघत. त्यातला मुखवटा घातलेला वेताळ आमच्या पिढीने दिव्याच्या उजेडात वाचला. १९८६ मध्ये हिंदीत नागराज आला. आपल्या नागपूरकडे हिंदी सर्वांनाच कळते, तेव्हा एकाने पुस्तक आणायचे आणि दहा जणांनी वाचायचे, असे चाले. पुढे १९९७ च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर शक्तिमान आला. मुकेश खन्ना यांनी ते काम केले होते. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीत अर्धे गाव जमायचे. वीज गेली तर कोणी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणी.

त्याच सुमाराची गोष्ट. काटोलकडच्या एका गावात मी संत्र्याचा बगीचा पाहायला गेलो होतो. घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आबाजीचा दुपट्टा गळ्याला बांधून गोठ्याच्या टिनावर चढला आणि उजवा हात वर करून त्याने खालच्या कुटाराच्या ढिगावर उडी घेतली. ढिगात कोणाचे तरी दाताळे राहून गेले होते. त्याचा दात पोराच्या तळपायात शिरला. बाप-लेकांना मोटारसायकलवर बसवून मी दवाखान्यात नेले. जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. पोरगा फारसा रडला नाही. त्याने मला फक्त एवढेच विचारले, "साहेब, शक्तिमानले काहून लागत नाही?"

"तो सिनेमा असते बाबू, त्याला तारेने बांधून उडवतात," असे मी सांगितले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. बाप मात्र वाटभर टीव्हीलाच शिव्या देत होता. "त्या डब्ब्यानंच पोरगं बिघडवलं!"

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या गावी गेलो. बाप कपाशीवर फवारणी करत होता. अंग उघडे, पाय अनवाणी, तोंडात खर्रा. मी म्हटले, "भाऊ, नाका-तोंडाला काही बांधा, अंगात सदरा घाला." तो हसला. "साहेब, मले काही होत नाही. पंधरा वर्षं झाले, असाच फवारून राह्यलो." धुऱ्यावर पायाला पट्टी बांधलेला त्याचा पोरगा बसला होता. बापाकडे तो मोठ्या कौतुकाने पाहत होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की ‘ज्याला काहीच होत नाही’ असा वीर त्या पोराला टीव्हीवर भेटण्याआधी घरातच भेटला होता. शक्तिमान तर कार्यक्रम संपताना मुलांना सांगत असे की असे धाडस करू नका. बापाने तसे कधी सांगितले नव्हते.

आता त्या गोष्टींकडे जरा नीट पाहा. अमेरिकेतला सुपरमॅन १९३८ साली चित्रपुस्तकात आला. १९७८ च्या चित्रपटात तो आकाशातून पडलेले मूल म्हणून एका शेतकरी जोडप्याला सापडतो आणि त्यांच्या शेतावर वाढतो. एवढा बलवान, पण त्याचा तो शेतकरी बाप हृदयविकाराने जातो, तेव्हा आपल्याला एवढी शक्ती असून बापाला वाचवता आले नाही, हे दुःख त्याला जाळते. हिरव्या रंगाचा एक दगड जवळ आला तरी त्याचे बळ जाते. आपला वेताळ पाहा. लोकांना तो अमर वाटतो, पण गोष्टीतच सांगितले आहे की तो एकविसावा वेताळ आहे. बाप गेला की मुलगा तोच पोशाख अंगावर चढवतो. शेती बापाकडून मुलाकडे यावी तसेच ते आहे. म्हणजे या गोष्टी रचणाऱ्यांनाही ठाऊक होते की प्रत्येकाच्या बळाला कुठेतरी शेवट असतो.

हे आपल्याला कळले नाही तर काय होते, ते २०१७ च्या खरिपात दिसले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यातल्या कित्येकांनी आदल्या वर्षापर्यंत काही झाले नाही म्हणून या वर्षीही होणार नाही असेच धरले असेल. विष मात्र मागचा हिशेब पाहत नाही.

तेव्हा माझे सांगणे दोन गोष्टींचे आहे. पहिली, पोराच्या हातचा मोबाईल हिसकावण्यापेक्षा एखाद्या दिवशी त्याच्याजवळ बसून तो सिनेमा पाहा. या वीराचे बळ कशाने जाते, त्याला वाढवले कोणी, तो कोणासाठी धावतो, हे पोरालाच विचारा. उडण्याशिवाय गोष्टीत आणखी काय आहे, ते तोच तुम्हाला सांगेल.

दुसरी, आपलाही पोशाख चढवा. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा, नाका-तोंडावर मास्क, पायात बूट. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. फवारताना खर्रा-तंबाखू वर्ज्य. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते औषध अत्यंत विषारी, हे लक्षात ठेवा. काम झाल्यावर साबणाने आंघोळ करा. चक्कर, मळमळ वाटली किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

तुम्हाला असे सजलेले पाहून पोरगा हसेल आणि विचारेल, "बाबा, तुम्हीपण वेताळ झाले का?" त्याला सांगा, "नाही रे बाबू. मले होते, म्हणून हे घालतो."