बॅटरी संपली, मग पुढे?

हायब्रिड गाडी म्हणजे पर्यावरणाची मैत्रीण, असं आपण मेसमध्ये छातीठोकपणे सांगतो. पण तिची बॅटरी संपल्यावर काय?

१९९७ साली जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसच्या बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट. हे धातू परत मिळवले तर खाणी तेवढ्या कमी खणाव्या लागतात. आपल्याकडचे २००१चे नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. २०२२च्या नियमांनी सगळ्याच बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. छान! पण दोनशे व्होल्टचा पॅक भंगारवाल्याने छिन्नी-हातोडीने फोडला तर शॉक त्यालाच बसणार ना?

मित्रांनो, मायलेज आपण वाढवूच. पण सुरक्षितपणे सुटी करता येईल अशी बॅटरी बनवणं, हेही इंजिनिअरचंच काम आहे.