उसातला शेजारी

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रात्रीची वेळ, कुठल्याशा बंगल्याची कंपाउंड वॉल आणि तिच्यावरून आरामात चालत निघालेला बिबट्या. झालं! खाली धडाधड स्मायली. ‘वीकएंडला कुठे निघाला हा?’ ‘यालाही हिंजवडीचं ट्रॅफिक नको झालंय!’ मीही एक अंगठा टाकला आणि कामाला लागलो.

गप्प होता तो फक्त आमचा नारायणगावचा मित्र. चहाला गेल्यावर म्हणाला, ‘‘हसा लेको. आमची आई अंधार पडल्यावर अंगणातसुद्धा एकटी येत नाही.’’

शनिवारी त्याच्याच घरी गेलो. चाकणचं ट्रॅफिक सोसून मंचर मागे टाकलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. बिबट्याचा विषय काढला, तर शेजारच्या भाऊबंदांबद्दल बोलावं तशा बोलायला लागल्या. ‘‘तो आहेच रे इथं. पण मोटारीला लाइट रात्रीची आली, तर पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं. तेव्हा घरातल्यांच्या जिवाला घोर.’’

हा ‘शेजारी’ आला कुठून? कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं, दाट, गारेगार पीक. शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कालवडी. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच वितात. तिथे वाढलेल्या पिल्लानं जंगल पाहिलेलंच नसतं. त्याला ‘तुझ्या जंगलात परत जा’ म्हणणं म्हणजे हडपसरला जन्मलेल्या पोराला ‘जा तुझ्या मूळ गावी’ म्हणण्यासारखं!

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून बिबटे मोजले. 2013 मध्ये छापून आलेला आकडा असा, 100 चौरस किलोमीटरमध्ये जवळपास 5 प्रौढ बिबटे. तेही जंगलात नाही, शेतात.

मग पकडून लांब सोडून द्या की! आपल्या सगळ्यांच्या मनात पहिलं हेच येतं. जुन्नर भागात हे करून झालंय. 2001 पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, नंतर ते 17 वर गेले. परक्या मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर. शिवाय इथली रिकामी जागा दुसरा बिबट्या भरून काढणारच.

आणि सोडलेला तिथेच राहील, याची तरी काय खात्री? ‘आजोबा’ आठवतो? उर्मिला मातोंडकरचा त्याच नावाचा सिनेमा 2014 मध्ये आला होता. हा खराखुरा बिबट्या 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. पठ्ठ्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला! वाटेत कुणाला साधं ओरबाडलंही नाही. 2011 मध्ये तो मेला, हायवेवर गाडीखाली.

पण गोष्ट एवढीच गोड नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत दोन मुलं आणि एक आजी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोक चिडले, हायवे अडवला. नंतर एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. तिथल्या बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालून शेतात जात होत्या. कुत्र्याच्या गळ्यात असतात, तसे. एसीत बसून त्यांना ‘सहजीवन’ शिकवायला आपल्याला तोंड आहे?

मग करायचं काय? हल्लेखोर ठरलेला बिबट्या हटवावाच लागतो, त्यात वाद नाही. बाकीचं काम मात्र रोजचं आणि कंटाळवाणं आहे. शेतीला दिवसा वीज, गोठ्याला पक्कं दार, घराजवळ उजेड, मेलेली जनावरं आणि कचरा उघड्यावर न टाकणं. संध्याकाळी पोरांना एकटं न सोडणं, शेतात एकट्यानं वाकून किंवा बसून न राहणं. ऊसतोडीत पिल्लं सापडली, तर वनखात्याला कळवणं. ती त्याच शेतात खोक्यात ठेवली, तर बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. आपण कौतुकानं उचलून घरी आणली, की पिल्लांची आई तुटते आणि गावात बिथरलेली मादी फिरत राहते.

निघताना अंधार पडला होता. काकू गाडीपर्यंत सोडायला आल्या. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं भजन. ‘‘आवाज असला की तो बाजूला होतो,’’ म्हणाल्या. ‘‘तुमच्या ग्रुपवर काय हसता रे त्याच्यावर?’’

परवा आणखी एक व्हिडिओ आला. कुठला, कधीचा, काहीच माहिती नाही. या वेळी अंगठा टाकला नाही, पुढेही पाठवला नाही. मित्राला फोन केला. ‘‘काकू घरी पोचल्या का रे शेतातून?’’