शिडी, आणि हरवलेलं उत्तर

मंडळी, इंजिनिअरिंगच्या मॅथ्समधलं एक गणित आठवतंय का बघा. असा वक्र शोधा की ज्याच्या कुठल्याही स्पर्शिकेचा दोन अक्षांमधला तुकडा कायम ठराविक लांबीचाच भरेल. म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी घसरत खाली येतेय, आणि ती प्रत्येक क्षणी ज्या वक्राला चाटून जाते तो वक्र हवाय.

समीकरण बनतं क्लेरोच्या प्रकारचं : वाय = पीएक्स + एफ(पी), इथे पी म्हणजे चढ. पुन्हा डिफरन्शिएट केलं की दोन गोष्टींचा गुणाकार शून्य येतो. एकतर पी बदलतच नाही, किंवा एक्स + एफ-डॅश(पी) शून्य. आमच्या कॉलेजात पहिलं घ्यायचे, पीच्या जागी सी लिहायचे, खाली दोन रेघा. पूर्ण मार्क! दुसरं? "सिलॅबसमध्ये नाही."

अहो, पण पहिलं उत्तर म्हणजे नुसत्या सरळ रेषा! म्हणजे शिडीच! ती तर आपणच दिली होती की हो. मागितलेला वक्र त्या टाकून दिलेल्या दुसऱ्या भागात बसलाय : चार टोकांचा अॅस्ट्रॉइड. एक्स आणि वाय यांच्या दोन-तृतीयांश घातांची बेरीज बरोबर लांबीचा दोन-तृतीयांश घात. क्लेरोने १७३४ साली हे दुसरं उत्तर नीट दाखवलं होतं, आणि आम्ही अडीचशे वर्षांनंतरही ते खोडत बसलो होतो.

आता कोणी म्हणेल, कॉम्प्युटर सोडवतो की सगळं. सोडवू दे ना! पण "स्पर्शिकेचा तुकडा कायम" या वाक्याचं समीकरण कोण करणार? आलेलं उत्तर वक्र आहे की शिडी, हे कोण बघणार? नेमकं तेच शिकवत नाहीत. चित्र काढायला सांगितलं असतं तर पहिल्या बाकावरचाही ओरडला असता, सर, ही तर रेघ आहे!

उपयोग काय, असं विचारू नका. तीन-तीन फुटी पॅसेज काटकोनात वळत असेल तर आडवी धरलेली बारीक काठी जास्तीत जास्त साडेआठ फुटांची वळते. हा आकडा ह्याच अॅस्ट्रॉइडमधून निघतो. आमचा पडद्याचा रॉड नऊ फुटी. मी जिन्यात कागदावर सिद्ध केलं की जाणार नाही. हमालाने एक टोक छातीपर्यंत उचललं, तिरका केला आणि नेला.

असो. तिसरी मिती मी धरलीच नव्हती.