थेंबातली पेशी आणि भोवतीचे तेल



नवे औषध रोग्याच्या पोटात जाण्याआधी प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर तपासतात. गेल्या काही वर्षांत ही तपासणी सूक्ष्म थेंबांतही होऊ लागली आहे. केसाएवढ्या बारीक नळ्यांतून तेल वाहते, त्यात पोषक पाण्याचे थेंब सुटत जातात आणि एकेका थेंबात एखादी पेशी व औषधाचा अंश असतो. थेंबाची रुंदी मिलिमीटरचा २० वा भाग धरा. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब मांडून पाहिला. १ मिलिलिटर पाण्यातून असे सुमारे दीड कोटी थेंब होतात! रोग्याच्या शरीरातून काढलेल्या थोड्याशा पेशींवर अनेक औषधे तपासता येतात, ती यामुळेच.

पण पेशी मेली, तर औषधाने मेली की तेलाने? खरी गोम येथे आहे. साधे तेल येथे चालत नाही. औषधांचे पुष्कळ रेणू त्यात विरघळून थेंबाबाहेर निघून जातात. मग चांगले औषध निकामी ठरून बाद व्हायचे, आणि दोष मात्र तेलाचा. ज्या घरात औषधासाठी मजुरी मोडावी लागते, त्या घराला ही चूक परवडणारी नाही.

म्हणून फ्लोरिनयुक्त तेल घेतात. ते पाण्यात मिसळत नाही, साध्या तेलातही नाही, आणि प्राणवायू भरपूर सामावून घेते. १९६६ साली क्लार्क व गोलन या अमेरिकन संशोधकांनी प्राणवायू भरलेल्या याच जातीच्या द्रवात उंदीर बुडवले, तर ते द्रवातूनच श्वास घेत राहिले!

थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तेलात साबणासारखा पदार्थ घालतात. विद्युतभार असलेला साबण पेशीला बाधू शकतो. २००८ च्या सुमारास पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेले भाररहित साबण आले, त्यात पेशी टिकल्या. तरी साबणामार्फत काही औषधे शेजारच्या थेंबात झिरपतातच. यासाठी औषध न घातलेले थेंब वेगळे ठेवून त्यांतल्या पेशी जगतात का, हे आधी पाहावे लागते. कालाम सुत्त वाचणाऱ्या घरांत हे वेगळे सांगायला नको. फार्मसीला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मात्र सरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

एक गोष्ट आम्हांस खटकते. या कुळातली पुष्कळ रसायने पाण्यामातीत वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. २०२५ अखेर त्यांचे उत्पादन थांबवू, असे थ्री-एम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. प्रयोगशाळांच्या पसंतीचे नोव्हेक ७५०० हे तेल याच कंपनीचे. त्याच्या जागी दुसरे तेल आणले, तर ते पेशींवर पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते.