रिंगवाल्याला एक सवाल

मौद्याच्या पोट्ट्यांनो, खली आठवतो ना? दलीपसिंह राणा. हिमाचलातला हा गडी मजुरी करत राबला, पंजाब पोलिसात गेला अन् २००७ साली डब्ल्यूडब्ल्यूईचा पट्टा जिंकला. तिथला निकाल आधीच ठरलेला असतो, हे शेंबडं पोरगंही जाणतं. पण आपटलं जाणारं अंग खोटं नसतं. गुडघा खराच जातो, साला!

२०१५ साली खलीनं जालंधरात स्वतःची रिंग टाकली. हरियाणाची कविता दलाल तिथूनच डब्ल्यूडब्ल्यूईत पोचली. मजूर मालक झाला, टाळी आपलीही. २०१६ साली हल्द्वानीच्या शोत खुद्द त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, तर देशभर बातमी. मग फी भरून शिकणाऱ्या पोराचा गुडघा फुटला, तर बिल कोण भरणार? रिंगवाला, की पोराची माय?