आडनावापुढची लाल चांदणी

फॉर्म ऑनलाइन असला की ‘आडनाव’ या रकान्यापुढे एक बारीक लाल चांदणी असते. हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, एवढाच तिचा अर्थ. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या ती डोळ्यांत भरत नाही, कारण आपल्याकडे ही सक्ती कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीची. एसटीत शेजारी बसलेले काका पहिल्या पाच मिनिटांत ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ विचारतात. आडनावातून उलगडा झाला नाही तर गाव. गावातून नाही झाला तर ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ तेवढ्यानेही भागलं नाही तर ‘पाहुणे कुठले?’ असल्या कामासाठी कंपन्या हजारो इंजिनिअर पोसतात, आणि काका परभणीहून निघालेली गाडी जिंतूरला पोचायच्या आत मोकळे झालेले असतात.

आता काकांचीही गरज उरलेली नाही. पुण्यात खोली बघायला गेले होते तेव्हा ब्रोकर म्हणाला, ‘मॅडम, टोकन म्हणून एक रुपया यूपीआय करा, नंबर सेव्ह होईल.’ एक रुपया गेला आणि बँकेतलं माझं तीन पदरी नाव त्याच्या स्क्रीनवर आलं. ‘मालकांशी बोलून कळवतो.’ अजून कळवतोय. जात शोधायचं इतकं स्वस्त तंत्रज्ञान या देशाला याआधी मिळालं नव्हतं, आणि त्याला आपण कॅशलेस क्रांती म्हणतो.

चेन्नईत पीएच.डी.ला आले तेव्हा हजेरीपत्रक बघून मी चक्रावले. निम्म्याहून जास्त मुलांना आडनावच नाही. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांच्या नावाचं एक अक्षर, बस. मी सवयीने विचारायचे, ‘आणि आडनाव?’ समोरचा शांतपणे सांगायचा, ‘नाही.’ हे आपोआप झालेलं नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद भरली आणि नावामागची जातीची शेपूट सोडावी असा ठराव तिथे झाला. पेरियारांनी स्वतःचं ‘नायक्कर’ टाकलं. पुढच्या काही दशकांत चारचौघांत जात मिरवणं हे इथे लाजेचं काम ठरलं. इतकं, की ब्राह्मणांनीही अय्यर-अय्यंगार नावातून काढून घरात ठेवले. विश्वनाथन आनंद घ्या. आनंद हे त्याचं नाव, विश्वनाथन वडिलांचं. जगभरचे बुद्धिबळप्रेमी त्याला लाडाने ‘विशी’ म्हणतात, म्हणजे बापाच्या नावाने हाक मारतात. बिचाऱ्याने किती स्पर्धांमध्ये समजावलं असेल कोण जाणे.

पण जी शेपूट चळवळीने कापली ती सॉफ्टवेअर पुन्हा चिकटवतं. ‘लास्ट नेम’चा रकाना अमेरिकेत कुणीतरी बनवला, त्याच्या डोक्यात जॉन स्मिथ होता, आणि तो रकाना जसाच्या तसा जगभर गेला. माझ्या तमिळ मैत्रिणी तिथे वडिलांचं नाव टाकतात, कुणी इनिशियल, कुणी नुसतं टिंब. अमेरिकी व्हिसावर एकच नाव असलेल्या माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं. पहिलं नाव अज्ञात. काही जणांना तिकडच्या दवाखान्यांत आणि बँकांत ‘मिस्टर फ्नू’ अशी हाक येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाही असं विमान कंपन्यांना कळवलं. पेरियारांनी चेंगलपट्टूत जे टाकलं ते दुबईच्या काउंटरवर परत मागितलं गेलं.

हे सगळं सांगितलं की महाराष्ट्रातले आमचे पुरोगामी मित्र खूश होतात. ‘बघ! आपणही आडनाव सोडलं पाहिजे.’ हल्ली ती फॅशनच आहे. प्रोफाइलवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आणि खाली एक छोटी पोस्ट की मी आजपासून आडनाव लावणार नाही. त्याखाली दोनशे बदाम. यातली बहुतेक मंडळी जोशी-देशपांडे-देशमुख या घरांतली. सरकारही मागे नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण क्रम बघा: बाळाचं नाव, आईचं, बापाचं आणि मग आडनाव. आईला जागा मिळाली, आडनाव आपल्या जागेवरून तसूभर हललं नाही.

२०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. संतोष देशमुख यांच्या खुनानंतर जिल्हा जातीवरून असा तापला होता की साहेबांचं आडनाव वाचूनच फिर्यादी ठरवायचा, आपली तक्रार घेतली जाईल की नाही. पाट्या काढल्या हे बरंच झालं. पण ठाण्यात बसलेला हवालदार कोणाचा, हे पाटी वाचून कळतं असं ज्याला वाटतं तो बीडचा नसावा.

माझं भांडण आडनाव सोडण्याशी नाही. कोणी सोडायचं आणि सोडल्यावर त्याला काय म्हटलं जातं, याच्याशी आहे. कुलकर्ण्यांनी आडनाव सोडलं की तो त्याग. कांबळेंनी सोडलं की ती चोरी. बाबुराव बागूलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असं आहे, आणि त्यातला नायक कशासाठी आणि काय भोगून ती चोरतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी राजपत्राचं एक पिवळं पडलेलं पान ट्रंकेत असतं, गावाच्या नावाला ‘कर’ जोडून केलेलं आडनाव बदलल्याचं. आजोबांनी केलेला तो बदल घरातसुद्धा हळू आवाजात सांगितला जातो. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. शाळेत नाव लागलं ते आंबडवे या गावावरून. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात त्यांची नोंद झाली, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आणि गंमत अशी की गावावरून पडलेलं ते आडनाव आज देशातलं सगळ्यात स्पष्ट राजकीय विधान झालं आहे.

आडनावाची किंमत किती, याचं मोजमाप झालेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. तेव्हाच सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांशी बोलून दाखवलं की मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ आवर्जून विचारली जाते. वडील काय करतात, कुठे वाढलात. विचारणाऱ्यांपैकी कोणालाच आपण जात बघतो असं वाटत नव्हतं, ते फक्त मेरिट बघत होते. पाहुणे कुठले, हे त्यांनी इंग्रजीत विचारलं, एवढाच फरक.

आता ही जबाबदारी यंत्राकडे सोपवली जाते आहे, कारण यंत्राला म्हणे जात नसते. २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने एक बातमी दिली. बेंगळुरूमधल्या एका दलित समाजशास्त्र संशोधकाने पोस्ट-डॉकच्या अर्जाचं इंग्रजी चॅटजीपीटीकडून सुधारून घेतलं. त्याने इंग्रजी सुधारलं आणि जाता जाता आडनावही सुधारून ‘शर्मा’ करून टाकलं. माझ्या विभागात ही बातमी फिरली तेव्हा सगळे हसले, आणि मग दोघे-तिघे गप्प झाले. आमच्यातले अर्धे लोक अर्जाचं इंग्रजी त्याच यंत्राकडून सारखं करून घेतात, कारण घरात ते वाचून देणारं कोणी नाही. ज्याच्या आईबापांनी कॉलेज पाहिलं त्याला हा मजकूर दाखवायला मावशी असते, आपल्याला चॅटजीपीटी. आणि त्याला वाटतं की शोधप्रबंध लिहिणारा माणूस शर्माच असणार. त्याच बातमीत रिकाम्या जागा भरायला दिल्यावर यंत्राने हुशारीपुढे ब्राह्मण आणि गटारसफाईपुढे दलित भरल्याचं दाखवलं होतं. इंटरनेटवर जे सांडलं होतं तेच ते प्यायलं. त्याला ‘बायस’ म्हणतात. काकांचं असेल तर त्याला आपण संस्कार म्हणतो.

तर मग तमिळनाडूत आडनावाबरोबर जात गेली का? ज्यांना असं वाटतं त्यांनी इथे चार महिने खोली शोधावी. माझ्या आडनावाचा इथल्या ब्रोकरला काहीच बोध झाला नाही, मी मनातल्या मनात पेरियारांना नमस्कार केला, आणि पुढचा प्रश्न आला: ‘व्हेज की नॉनव्हेज?’ दक्षिणेतल्या शाळांत मुलं जातीच्या रंगांचे धागे मनगटावर बांधतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत बारावीच्या एका दलित मुलावर आणि त्याच्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी घरात शिरून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये ते धागे बंद करा, शाळांच्या नावांतून जात काढा असं सुचवलं. जातीनिहाय शेकडो विवाहस्थळं चालवणाऱ्या मॅट्रिमनी डॉट कॉमचं मुख्यालयही याच आडनाव नसलेल्या चेन्नईत आहे. तिथे ड्रॉपडाऊनमध्ये जी बारकाई सापडते ती पाहून मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिकवण्या लावाव्यात. (आपल्या मराठी स्थळांतली ‘आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व’ ही ओळ त्याहून सरस, हे मी अभिमानाने मैत्रिणींना भाषांतर करून सांगते.) आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गल्ल्या-वस्त्यांच्या नावांतून जात काढायचा आदेश निघाला त्याच सुमारास कोइम्बतूरच्या नव्या उड्डाणपुलाला जी. डी. नायडूंचं नाव देण्यात आलं. नायडूंमधून नायडू काढला तर पुलाला काय म्हणायचं, यावर इथे आठवडाभर मीम चालले.

आयआयटी मद्रासमध्ये तर नावाची गरजच नाही. तिथे रँक विचारतात. अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९ च्या ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या पुस्तकात याच संस्थेचा अभ्यास करून दाखवलं की जात सोडल्याचा दावा करणारे ती मेरिटच्या नावाने कशी परत मिळवतात. २०१५ मध्ये तिथल्या आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलची मान्यता एका निनावी तक्रारीवरून काढली गेली होती आणि गदारोळ झाल्यावर परत द्यावी लागली. तक्रार निनावी चालली. त्या एका ठिकाणी नाव, आडनाव, काहीच लागलं नाही.

तरीही तमिळनाडूकडून घ्यायचं एक आहेच, आणि ते आपले पुरोगामी मित्र सोयीने विसरतात. इथे नावातून जात काढली ती रजिस्टरात मोजायचं सोडून नव्हे. कम्युनल जी.ओ. १९२० च्या दशकातला. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला तर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. आज इथे ६९ टक्के आरक्षण आहे आणि त्याचा कायदा १९९४ पासून नवव्या परिशिष्टात आहे. पाटीवर जात नको, हिशोबात हवी. महाराष्ट्रात नेमकं उलटं. पाटीवर, लग्नपत्रिकेवर, गाडीच्या मागच्या काचेवर जात, आणि हिशोब मागितला की ‘कशाला जातीयवाद?’ कंपन्या तर याच्याही पुढे. आमच्या कॅम्पसवर आलेल्या एका एचआरला मी विचारलं, तुमच्याकडे एससी-एसटी किती? म्हणाली, ‘आम्ही तो डेटा गोळाच करत नाही.’ बायका किती टक्के याची तिच्याकडे रंगीत स्लाइड होती. आडनाव सक्तीचं, जात ऐच्छिकसुद्धा नाही. मला हे दोन्ही रकाने अदलाबदल करून हवे आहेत: आडनाव ज्याची इच्छा असेल त्याने लिहावं, आणि नोकरी देणाऱ्या प्रत्येकाने किती कोणाला घेतलं याचा ताळेबंद दरवर्षी छापावा.

रकाना नीट बनवला नाही की काय होतं हे आपण पाहिलं आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत जातीची जागा मोकळी सोडली होती, येईल ते लिहा. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, या वेळी ४६ लाखांवर निघाल्या. एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७, आणि त्यातल्या ९९ टक्के ‘जातीं’त शंभराहून कमी माणसं. पोटजात, कूळ, आडनाव, स्पेलिंगच्या चुका, सगळं एका रकान्यात कोंबलं गेलं. मग २०२१ मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात सांगितलं की हा डेटा वापरण्यालायक नाही. तो मागायला महाराष्ट्र सरकारच गेलं होतं.

२०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे, आणि या वेळी मोबाइल अॅपवर. प्रगणक दारात येईल तेव्हा घरात स्क्रीन वाचता येणारे बहुतेक तुम्हीच असाल. सुट्टी काढून घरी थांबा. तो ‘आडनाव सांगा, जात मी टाकतो’ म्हणेल. त्याला टाकू देऊ नका. जात प्रमाणपत्र ट्रंकेतून काढून समोर धरा, त्यावर जे आहे तेच अक्षरन् अक्षर टाकायला लावा, आणि बटण दाबायच्या आधी फोन हातात घेऊन एकदा वाचून बघा.