म्हातारचळ नव्हे, वात

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे रोगनिदान म्हणून वापरली जाते. परवापर्यंत आठवडी बाजार करणारा म्हातारा आज सुनेला ओळखत नाही, भिंतीशी बोलतो, रात्रभर उठबस करतो; आणि घर, शेजार, कधी कधी दवाखानासुद्धा म्हणतो, ‘वय झालं.’ या दोन शब्दांपायी माणसं दगावतात. वय कुणाचंही एका रात्रीत होत नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या माझ्या मामांचीच गोष्ट. पंचाहत्तरीचे. धानाची कापणी चालू होती. सर्दीसाठी कुणीतरी दिलेल्या गोळ्या त्यांनी दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या रात्री खाटेवरून उठून ‘हट् हट्’ करू लागले, बांधीत बैल शिरले म्हणून. मामी रडकुंडीला येऊन ज्याला त्याला विचारत होती, ‘अजी, यायले का झालं?’ एकानं म्हातारचळ सांगितला, दुसऱ्यानं बाहेरची बाधा. सकाळी डॉक्टरांनी ओटीपोटावर हात ठेवला, तर मूत्राशय तट्ट फुगलेलं. सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडते, आणि त्याच गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला भ्रमातही टाकतात. नळी घातली, गोळ्या थांबवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा धानाचा भाव विचारत होते. त्या रात्री मांत्रिकाकडे नेलं असतं, तर लघवी तशीच तुंबलेली राहिली असती. बाधेच्या पक्षाला माझं एवढंच उत्तर आहे.

असा अचानक आलेल्या भ्रमाला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. लॅटिन भाषेतला तो शब्द नांगरटीतून आला आहे: तास सोडून भरकटणं. धान पिकवणाऱ्या भंडाऱ्याला हा अर्थ समजावून सांगायला नको. बैलानं तास सोडलं, तर तो म्हातारा झाला असं कुठलाच शेतकरी म्हणत नाही. तो कशानं बुजला ते बघतो, जू चाचपतो, खांदा पाहतो. आपल्या भाषेलाही हा रोग ठाऊक होता. तापात बरळणाऱ्याला ‘वात झाला’ म्हणत. वैद्य सन्निपात म्हणत. शब्द घरात होते, आपण ते सांडले आणि सगळ्यालाच म्हातारचळ म्हणू लागलो.

यावर कुणी म्हणेल, स्मृतिभ्रंश हाही आजार आहेच की. आहे. पण तो बहुधा महिन्या-वर्षांनी चढत जातो. वात तासा-दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, रात्री बळावतो, आणि त्यात लक्ष ठरत नाही. नेहमी वारांची नावं रविवारपासून उलटी म्हणू शकणारा माणूस आज मध्येच हरवत असेल, तर ते ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनॉय यांनी १९९० साली याच खुणांवर बेतलेली छोटी तपासणी मांडली, आणि ती आज जगभर वापरली जाते. शिवाय स्मृतिभ्रंश असलेल्यालाच वात अधिक सहज होतो. म्हणून ‘आईचं असंच असतं’ हे उत्तर त्या घरातही चालणार नाही. आज ती कालच्यापेक्षा वेगळी आहे का, एवढंच विचारा.

कारणं आपल्या पायाशीच आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उन्हातून आलेला म्हातारा असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो, आणि तिथे मिनिटं मोलाची असतात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी आणि वर घाम, यांनी सोडियम उतरतं. उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी घेतली की साखर उतरते. पावसाळ्यात आणि कापणीच्या दिवसांत गवतातल्या चिगरचा ताप, म्हणजे स्क्रब टायफस, मेंदूवर जाऊ शकतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आलीच होती. आणि रोज मोहाची घेणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात पडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरत भलतंसलतं पाहू लागतो. घरच्यांनी लाजेपोटी दारूची गोष्ट लपवली, तर डॉक्टर चाचपडत राहतात.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गप्प वाताची. आरडाओरडा करणाऱ्याला निदान कुणी दवाखान्यात तरी नेतं. जी म्हातारी दोन दिवस नुसती पडून आहे, घास तोंडात तसाच धरून ठेवते, तिच्याबद्दल ‘आता शांत झोपते बिचारी’ असं म्हणतात.

आणि हात बांधणं? झोपेचं इंजेक्शन? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी वेळ आली, तर डॉक्टर थोडं औषध देतात, ते समजू शकतं. पण बांधल्यानं माणूस जास्त घाबरतो, आणि झोपेच्या गोळ्यांनी भ्रम बऱ्याचदा वाढतो. अमेरिकेतल्या येल इथं ८५२ वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चष्मा डोळ्यांवर, श्रवणयंत्र कानाला, वेळेवर पाणी, दिवसा चालवणं, रात्री शांतता, आज वार कुठला हे सांगत राहणं. एवढ्यावर वाताचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. यातलं बहुतेक काम खाटेशेजारी बसलेली लेक करू शकते. तिनं घरच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी आणि डॉक्टरांना ठणकावून सांगावं, ‘परवापर्यंत हे असे नव्हते.’

मामांना ते बैल आठवतात. बरे झाल्यावर कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला एकट्याला गाठून हळूच विचारलं, ‘मी तवा येडा झालो होतो का रे?’ मी म्हणालो, ‘नाही मामा, तुमची लघवी अडली होती.’